जाताना सांगून

गुलमर्गहून हर्षालीचा फोन येतो तेव्हा
पडद्यावर आधी नुसतं पांढरं,
मग तिचं लाल झालेलं नाक,
मग ती गाडी: पुढे दोन फळ्या, मागे पट्टा,
आमच्या होडीच्या इंजिनाहून मोठ्याने खोकणारी.
"पर्यटकांना फिरवायचं, बाबा. अजून शिकतेय."
मी ट्रॉम्बेच्या धक्क्यावर, जाळ्याचं भोक शिवत.
बर्फ मला ठाऊक तो लादीचा,
सुळ्याने फोडून मासळीवर टाकायचा.

विचारलं, खाली काय आहे?
"बर्फ."
आणि बर्फाखाली?
ती जरा थांबली. "ओढा असेल. माहीत नाही."

मग मी बोलत सुटलो.
वाट विचारायची ती तिथे राहणाऱ्याला,
कालच्या चाकोरीला विचारायची नाही.
चाकोरी कालची, गाळ आजचा.
दोघं असलात तर एकाच्या मागे एक, पण अंतराने,
म्हणजे पुढचा गेला तरी मागचा दोर टाकायला उरतो.
आणि चांगोकाकाचं सांगितलं,
खाजणात मांडीपर्यंत रुतला होता, भरती लागलेली.
उभा राहून जोर केला तितका आत गेला.
मग हात पसरून आडवा झाला,
ताटावर अळवाचं पान ठेवावं तसा,
आणि सरपटत, तोंडात चिखल घेऊन, घरी आला.
त्या दिवशी काकीने आधी त्याला मारलं, मग न्हाऊ घातलं.

"आमचा उस्ताद पण हेच सांगतो," ती म्हणाली,
"बर्फ तडकला तर आडवं व्हायचं."
मला बरं वाटलं. कोण कुठला उस्ताद,
त्याने आयुष्यात निवटी पाहिली नसेल.

मग तिने विचारलं,
"उद्या जाणार ना कालवांना?
निघताना कुणाला सांगतोस?"

धक्क्यावरचा दिवा फडफडला.
मी म्हटलं, आवाज येत नाही गं.
आवाज येत होता.

सकाळी चतुर्थी.
तिथीची पाऊणपट केली: भरती तीनला,
म्हणजे नऊला तळ उघडा. एवढं चुकत नाही.
बादली, कोयती, बापाची काठी.
तिवरांच्या पलीकडे ते खडप, जिथे मी
सात वर्षांचा असताना पहिलं कालव फोडलं.

खडप नव्हतं.
नव्या पुलाचे खांब उभे राहिल्यापासून
पाणी वळण बदलून वाहतं, ऐकून होतो.
खडपाच्या जागी गुळगुळीत राखाडी,
त्यावर रोहित पक्षी निवांत उभे.
पाखरं उभी आहेत, म्हणजे घट्ट आहे,
असं वाटून पाऊल उचललं
आणि हवेतच ठेवलं.
पाखराचं वजन किती, दोन-अडीच किलो.
माझं बासष्ट, वर बादली.

काठी टोचली. गेली.
अजून टोचली. मुठीपर्यंत गेली,
खाली काही लागलंच नाही.

छप्पन वर्षं ज्याला माझं म्हटलं
ते पाय न लागलेल्या मुलखासारखं समोर पसरलेलं.
पांढरं नव्हतं, एवढाच काय तो फरक.
मागे वळून पाहिलं: बंधाऱ्यावर कुणी नाही.
मी कुठे आहे हे जगात
मला, आणि त्या पाखरांना, ठाऊक.

आलो त्याच पावलांत पाय ठेवत परतलो.
रिकामी बादली पाहून मालती वैतीण हसली,
"काय नाखवा, आज कालवं सुट्टीवर?"

दुसऱ्या दिवशी पंचमी, तळ पावणेदहाला.
पलीकडच्या वाटेने जायचं ठरवलं,
पोराटोरांनी शोधलेली नवी वाट, त्यांनाच विचारून.
वैतिणीच्या दारात थांबलो.
ती सुकट निवडत होती. मान वर केली नाही.

घसा खाकरून म्हटलं,
दक्षिणेच्या बाजूला जातोय. बारापर्यंत येतो.
नाही आलो तर पोरांना दोर घेऊन पाठव.

तिने सुकट खाली ठेवली,
कधी नव्हे ते माझ्याकडे नीट पाहिलं,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे.