हजेरी

इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत शिरताना
आफ्राने बापाला खिसे रिकामे करायला लावले.
चाकू, किल्ल्या, नाल ठोकलेले बूट.
चुंबकक्षेत्र बिघडतं, म्हणाली.
विन्सेंत्स मोज्यांवर आत आला.
एकतीस वर्षं डोंगरांच्या पोटात काढली त्याने,
तिथे कुणी बूट काढायला सांगितलं नव्हतं.

काचेच्या डबीत काहीच दिसेना.
"आहेत. रुबिडियमचे हजारभर अणू.
निपचित गार."
उजेडाचे दोन खळगे,
मध्ये उजेडाचाच बांध.
तो चढून जायची ताकद एकाच्याही अंगात नाही,
तरी पापणी लवायच्या आत
पल्याड गर्दी.

"बोगदा कोणी पाडला?"
"कोणीच नाही."
"लांबी?"
"चार मायक्रॉन."
"सुरुंग?"
ती हसली. तो हसला नाही.
डोंगर पोखरून उंदीर काढणं त्याने पाहिलं होतं.
न पोखरता उंदीर पल्याड, हे नवीन होतं.

मग त्याने विचारलं,
"गेले ते कोण कोण?"

"तसं नाही विचारता येत, बाबा.
यांच्यात हा आणि तो नसतो.
सगळे मिळून एकच काहीतरी,
इकडेही असलेलं, तिकडेही.
मोजता येतात, ओळखता येत नाहीत.
आणि मोजायला झोत टाकला की ढग विरतो.
पुढच्या फेरीला नवे अणू."

बोगद्याच्या तोंडाशी, संत बार्बराच्या दिव्याखाली
एक फळी असायची.
आत जाताना बिल्ला टांगायचा, येताना काढून घ्यायचा.
एका संध्याकाळी पाळी सुटली, फळी रिकामी झाली,
आणि एक बिल्ला राहिला.
मातेउस. सुट्टीत लाकडाच्या गाई कोरायचा,
मिशीत कायम भुसा.

"कधी कधी," आफ्रा पडद्याकडे बघत म्हणाली,
"एकाच खळग्यात फार दाटी होते,
मग कोणी हलत नाही.
बांध तेवढाच असतो.
आपल्याच गर्दीत अडकतात."

"होतं तसं," विन्सेंत्स म्हणाला.
एवढं एकच त्याला न समजावता कळलं.

खिशात एक वस्तू राहिली होती.
त्याने ती टेबलाच्या कडेला ठेवली. ती दचकली.
"पितळ आहे. चुंबकाला कळत नाही."

तिने आकडा वाचला. सत्तेचाळीस.
बापाचा बारा होता,
लहानपणी तोच घेऊन ती खेळायची.

तिने काही विचारलं नाही.
बिल्ला होता तिथेच राहू दिला,
दिवे मालवले, पुढची फेरी लावली.
अंधारात दोघं वाट बघत बसले,
ती, किती गेले याची.