बारदान वजा

उदगीरला नळेगाव रोडवर चिल्लरगेंची डाळमिल.
मी काट्यावर बसते.
पोतं आलं की आधी बारदान वजा करायचं, मग वजन लिहायचं.
कोरडं असेल तर पाचशे ऐंशी ग्रॅम,
ओल धरलेलं असेल तर सातशे.

शेडमध्ये एकवीस जणी मांडी घालून तूर निवडतात.
खडा. काळा दाणा. किडका. सालाचा.
या हप्त्यात हातात तूर आहे
आणि तोंडात नगराध्यक्षपद.

"बाईला सुटलंय म्हणं," इमलबाई सूप आपटते,
"अन् बोर्डावर बग की, बाई कुठाय?
मिशाच मिशा.
बाई कोपऱ्यात, फोटो रेशन कार्डावरचा."

तिघी उभ्या आहेत.
रोडरोलरवाली अप्पांची सून.
नाव विचारलं तर पत्रकं वाटणारं पोरगंच अडखळलं,
पत्रक उलटं करून वाचलं : सुलक्षणा.
कपबशीवाली कुकर वाटून गेली.
शकिलाआपाच्या कुकरचं रबर तिसऱ्या दिवशी गेलं;
ती म्हणते, "रबर मैं डाल लूँगी माँ,
नळाला पानी कोन सोडनार ते सांगा."
आणि शिलाई मशीनवाली सरकारी दवाखान्यातली
रिटायर झालेली देवणे सिस्टर.

"मला मारलं व्हतं तिनं," शिवगंगा मान वर न करता बोलते,
"थोरल्याच्या येळंला. मांडीवर. वरडू नको म्हणून."
"अन् रातच्याला अडीच वाजता आलं कोन व्हतं?"
"तीच."
मग बराच वेळ
चाळणीचाच आवाज.

गुरुवारी दुपारी अप्पांची सून आली.
पुढं नवरा, मागं सात-आठ गाड्या, मधे ती, हात जोडलेली.
नवरा बोलला. रस्ते बोलला, गटारी बोलला,
"तुमची बहीण आहे ही" असंही बोलला.
इमलबाई म्हणाली,
"बहीण हाय तर बसू द्या की घडीभर."
आणि ताट पुढं सारलं.

मला वाटलं, हसून टाळेल.
ती बसली. काठाची साडी त्या भुशात.
ताट जरासं कललं, एका हातानं झटका,
दाणे वर, खडे खाली,
करंगळीनं किडका बाजूला, न बघता.
आमच्या शेडमध्ये एवढा हात
प्रयागबाईचा होता, ती गेली त्याला चार वर्षं झाली.
"कुठली गं तू?" कुणीतरी विचारलं.
"मुक्रमाबादची. आई जायची मिलवर."
तेवढीच दोन वाक्यं.
"चला," नवरा म्हणाला.
ती उठली. पदर झटकायचा राहिला.

तेव्हापासून शेडचं गणित बिघडलंय.
"हाताला येतंय म्हणून तोंडाला येईल काय?"
"तोंडाला येऊ देतील काय, ते इचार."
"सिस्टरला तोंडच हाय, जरा जास्तच हाय."
"म्हणून तर!"
"अगं पन ती आपली निघाली ना..."
"आपली अन् त्यांच्या घरात."
शेट खिडकीतून ओरडले,
पोती मोजा, मतं नका मोजू.

घरी नवऱ्यानं सांगून ठेवलंय कुणाला टाकायचं.
भावकीचं ठरलंय.
मी भाकरी थापत हो म्हटलं.
हो म्हणायला काय वजन लागतं?

मंगळवारी शाळा नंबर चार. पाचवी ब चा वर्ग.
फळ्यावर कुणीतरी अर्धा पुसलेला भागाकार.
पुठ्ठ्याच्या आड मी आणि मशीन.
नावं आणि चिन्हं, बस.
मिशी नाही, गाडी नाही, अप्पा नाहीत.
पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याआधी
बारदान वजा करून ठेवलेलं.
तरी काटा थांबेना.
अडीच वाजताची ती चापट एकीकडं,
दुसरीकडं ती करंगळी.
"ताई, दाबा की," साहेब म्हणाले, "लाइन आहे मागं."

दाबलं.

बुधवारी इमलबाई काट्याजवळ आली, हळूच,
"कुनाला गं?"
तिच्या बोटावरची शाई तुरीच्या धुळीनं पिवळट झालेली.
मी म्हटलं, "पोतं नीट ठेव. तिरकं आहे."