टेक सतरा, पाटी नाही

पाटी रोपवेच्या खालच्या स्टेशनात राहिली
आणि टाळी वाजवायचं कुणाला सुचलं नाही.
त्यामुळे आता माझ्यासमोर दोन त्सिउरी:
एक मुकी, कॅमेऱ्यातली, एकेचाळीस मिनिटांची;
दुसरी नुसता आवाज, एल्गुजाच्या रेकॉर्डरमधली,
दोन मिनिटं आधीच सुरू झालेली.
(त्या दोन मिनिटांत ती त्याला विचारते, जेवलास का.
तो हो म्हणतो. खोटं बोलतो.)

कुताइसीत रात्रीचे अकरा. हीटर तडतडतोय.
दोघींची गाठ घालायला बसलेय.

प, ब, म शोधायचे.
ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं कुणालाच जमत नाहीत,
मंत्र्याला नाही, तान्ह्या पोराला नाही.
आमच्याकडे बापाला मामा म्हणतात,
एका शब्दात ओठ दोनदा मिटतात,
आणि त्सिउरी बापाबद्दलच बोलतेय.
चियातुराच्या खाणींवरून तीस वर्षं
त्याने पाळणे हाकले, पुढे तिने.

बाराव्या मिनिटाला ती चमचा बशीवर ठेवते. ठण्ण.
रेघेवर एक काटा उभा राहतो.
काट्याला चमचा लावला. बसला.
वाटलं, सुटले.

पण यंत्रं दोन, घड्याळं दोन,
एका टेबलावर राहून ज्यांचं कधी एकमत नाही.
अडतिसाव्या मिनिटाला आवाज तीन फ्रेम मागे.
खेचला. ताणला. चमचा पुन्हा तपासला.
तरी एकोणचाळिसाव्या मिनिटाला
तिचे ओठ मिटतात, उघडतात,
मिटतात, उघडतात,
आणि आवाजात काहीच नाही.
लांब कुठेतरी चाकाची कुरकुर, बस्स.
मी आवाज पुढे ढकलला, मागे ओढला,
शिव्या घातल्या एल्गुजाला, पाटीला,
ज्यांना ज्यांना हात होते त्या सगळ्यांना.

दोन वाजता त्याला फोन लावला:
तुझा माइक मेला होता का तिथे?
जागाच होता. म्हणाला, नाही गं.
हेडफोन कानावर होते, मी वाट बघत होतो.
ती बोललीच नाही.

पुन्हा लावून बघितलं.
पुढच्याच मिनिटाला ती ग्लास खाली ठेवते
आणि आवाज फ्रेमला फ्रेम जुळलेला,
बहुधा मघापासूनच.

तिथे काही हलवलं नाही मग.
ती सुरुवातीची दोन मिनिटंही फेकवली नाहीत.
त्यांना चित्र नाही, कुठे लावणार?
तूर्त काळ्या पडद्यावर ठेवलीत:
जेवलास का.
हो.