चौदा नंबरचा केस

जानेवारी. तार्तूत साडेआठ वाजले
तरी खिडकीबाहेर रात्रच.
तळघरात मायक्रोस्कोपचा पंप घुमतोय
आणि राइमोंद माझ्या पाठीशी उभा, श्वास रोखून.

पडद्यावर भेगाच भेगा.
कॅथेटरच्या आतल्या भिंतीवर
जिवाणूंची सलग साय धरलेली हवी,
तिथे फुटलेल्या टाचा.
"रोग असा दिसतो?" त्यानं विचारलं.
नाही रे. घाई अशी दिसते.

पन्नास टक्के अल्कोहोलमधून तुकडा
थेट शंभरात टाकलास ना?
अंगातलं पाणी असं हाकलता येत नाही.
सत्तर, मग नव्वद,
दर पायरीवर बसू द्यायचं त्याला,
दम खाऊ द्यायचा.
आणि कडेला हे जे पांढरंफटक पेटलंय
तो तुझा शोध नव्हे. सोन्याचा मुलामा कमी पडलाय,
वीज साचतेय.

"उंदीरही ऐकत नाहीत," तो म्हणाला.
रात्रीत टाके कुरतडतात,
नळीचं टोक सकाळी भुशात सापडतं.
त्याच्या अंगठ्यावर दोन लाल ठिपके,
एकाखाली एक,
पुढे काही सांगायचं राहिल्यासारखे.

वर गेलो. उर्वेनं पिंजरा उघडला.
शेपटीला हात लावला नाही तिनं,
पुठ्ठ्याची एक नळी आडवी धरली
आणि थांबली.
आम्हीही थांबलो. राइमोंदनं घड्याळ पाहिलं,
उर्वेनं राइमोंदकडे पाहिलं.
मग चौदा नंबर आला मिशा हलवत,
आपल्या पायांनी आत शिरला.
"नळीवर नाही याचा राग," उर्वे म्हणाली,
"हातावर आहे."

तीन आठवड्यांनी पुन्हा तळघर.
आता साय अखंड, भेग नाही कुठे,
गोल गोल जिवाणू
माशाच्या गाभोळीसारखे दाटलेले.
आणि त्यावरून आडवा गेलेला एक केस,
खवल्याखवल्यांचा, टोकाशी निमुळता.
"बाद?"
बाद. वहीत लिही.
त्यानं लिहिलं: चौदा. तारीख. कारण, केस.

चौदा नंबर शुक्रवारीच संपला होता,
वेळेची नोंद माझ्याच अक्षरात आहे.
फोटो मात्र मी पुसला नाही.
दोन हजार पटींनी मोठा झालेला तो केस
कधी कधी उघडून बघते.

पुठ्ठ्याची नळी धुता येत नाही,
एका पिंजऱ्याची झाली की टाकायची, असा नियम.
उर्वेच्या फळीवर एक अजून पडून आहे,
कडा कुरतडलेली.
विचारलं तर म्हणते, विसरले.