प्रॉम्प्टर

प्राचार्यांनी जोड्या लावल्या तेव्हा
वनस्पतिशास्त्राचा मी, सत्तावीस वर्षांचा जुना,
आणि भूगोलाची उत्पला शहारे,
तासिका तत्त्वावर, दुसरंच वर्ष.
एकमेकांचे ऑनलाइन तास बघायचे,
महिनाअखेर एका पानाचा अहवाल.
स्टाफरूममध्ये कोणीतरी हसलं.
मीही हसलो, थोडा उशिराने.

माझ्या तासाला ती नुसतं नाव होऊन बसायची,
त्रेचाळीस काळ्या चौकोनांमागून चव्वेचाळिसावी.
उत्पल म्हणजे पाण्यातलं कमळ,
तिच्याविषयी मला तेवढंच ठाऊक, तेही शास्त्रापुरतं.

पर्णरंध्रं शिकवली.
दोन रक्षक पेशी, ओठांसारख्या,
फुगल्या की उघडतात, मलूल झाल्या की मिटतात.
आकृती काढली, नीट काढली.
माझ्या आकृत्यांचं नाव आहे लाखांदूर तालुक्यात.

संध्याकाळी तिचा फोन.
मी वही उघडून बसलो, चुका उतरवून घ्यायला.
"सर, आज तुम्ही 'समजलं का' सतरा वेळा विचारलं."
बरं.
"आणि दर वेळी दोन सेकंदांत पुढं गेलात."
अगं, कोणी बोलतच नाही, मी म्हणालो,
भिंतीला किती वेळ विचारायचं?

ती गप्प. मला वाटलं, रेंज गेली.
"माझे बाबा झाडीपट्टीत प्रॉम्प्टर होते.
विंगेत बसायचे, मांडीवर पुस्तक,
बाहेर पोतं अंथरून बसलेलं अख्खं गाव.
ते म्हणायचे, नट थांबला की लगेच वाक्य फेकू नये.
आधी ओळखावं,
विसरला आहे, का थांबला आहे."

मंगळवारी विचारलं, आणि मोजू लागलो.
चार. पाच.
पडद्यावर माझाच चेहरा, टकलावर ट्यूबलाइट.
सातला खोकलो.
नऊला हात आकृतीकडे गेला, मागं घेतला.
अकराव्या सेकंदाला कुठंतरी माइक उघडला
आणि आधी आली एक शेळी,
मग धानाची मळणी, मग तलावाच्या पाळीवरचा वारा
(तिच्या गावात रेंज पाळीवरच मिळते),
मग सरिता नाकाडे,
जी तीन सेमिस्टर माझ्याकडे फक्त हजेरी होती:
"सर, उनात झाड छिद्रं बंद करते म्हणता,
पाणी वाचवाले.
मंग तेवढा वेळ थे उपाशी रायते का?"

राहतं, म्हणालो.
उपाशीच राहतं, बाई.
सत्तावीस वर्षांत इतक्या सरळ शब्दांत
मी ते कधी सांगितलं नव्हतं.

उत्पलाकडून शाबासकी वगैरे नाही.
रात्री एक ओळ: "शेळी कोणाची होती, सर?"

शेळी अहवालात लिहिली नाही.
हेही लिहिलं नाही
की माझ्यापायी गेलेले तिचे तास
कोणत्याच बिलात बसत नाहीत,
की मे महिन्यात माझा पगार येतो
आणि तिची ऑर्डर एप्रिलातच संपलेली असते.
रकाने चारच होते. चौथा, 'इतर', दीड ओळीचा.

आज तिचा तास, मी चौकोनात.
वैनगंगेचं खोरं. बाण सरसर धावतो नकाशावर,
तीही धावते,
जणू प्रत्येक मिनिटाचा हिशेब कोणी मागणार आहे.
हे तिला सांगायचं ठरवलंय.
कसं, ते ठरलेलं नाही.

चुलबंद येऊन मिळते तिथं
बाण थांबला.
आवाजही.
माइक चालू दिसतोय.
'संगम', मी टाइप केलं,
अंगठा पाठवायच्या खुणेवर.
विसरली,
का थांबली?

खोडलं.
एक. दोन.
तीन.