पट्टी काळी झाली का

ऑटोक्लेव्हच्या पुड्यावर एक चिकटपट्टी असते.
आत जाताना तिच्यावरच्या रेघा फिक्या,
बाहेर येताना काळ्या.
एवढं वाचता आलं पाहिजे, डॉक्टर नदाफ म्हणाले होते
मला कामावर घेतलं त्या दिवशी.
मी नववी नापास. पण रेघा वाचता येतात.

आई विडी कारखान्यात होती.
संध्याकाळी हजाराची टोपली घेऊन रांगेत,
चेकर मूठभर उचलायचा, दाबायचा,
छाट म्हणायचा, बाजूला फेकायचा,
आणि तेवढे पैसे कापायचा.
आई घरी येऊन त्याला तेलुगूत शिव्या घालायची,
दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच आधी निवडून ठेवायची,
त्याच्या बोटांना काही सापडू नये म्हणून.
माझा डोळा तिथून आलाय.

साखर पेठेत, चादरीच्या दुकानावर,
अरुंद जिना चढून दोन खोल्या.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
हात धुवायचा ड्रम वेगळा, झाकलेला,
त्यात कुणी तांब्या बुडवला की मी ओरडते.
एका पोराचा पुडा दुसऱ्याला नाही.
आई सांगते, सात वर्षांचा आहे,
मी त्याला काट्यावर उभा करते,
भूल वयावर नाही, वजनावर.
मग विचारते, रक्त थांबत नाही असं घरात कुणाला?
ह्याच्या मामाला?
बाप चिडतो. सुंतेत मामाचं काय काम?
मी म्हणते, आहे.

मे महिन्यातला रविवार.
सात पोरं, नवे कुर्ते, एकाच्या गळ्यात मोगरा,
पाहुणे इंडीहून, अक्कलकोटहून, जिनाभर.
कुणाच्या तरी घरी तांदूळ भिजत घातलेले.
पहाटे लाईट दोनदा गेली होती.
मी झाकण उघडलं.
रेघा फिक्या नव्हत्या, काळ्याही नव्हत्या.
राखेच्या रंगाच्या.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.
"चालेल का, गाजुलबाई?"
हो म्हणावं म्हणूनच विचारलेला प्रश्न असतो एक,
तसा.
मी म्हटलं, छाट.
शब्द आपोआप आला. इतक्या वर्षांनी, माझ्या तोंडून,
त्या चेकरच्या आवाजात.

जिन्यात गलका झाला.
एकजण म्हणाला, आमच्या वेळी
उस्तरा आणि चुलीतली राख,
पट्टी नाही बिट्टी नाही, मेलं का कुणी?

तिसऱ्या पायरीवर एक म्हातारा होता, महेबूबसाब खलीफा.
उस्तरा त्याचाच.
विजापूर वेशीपासून मुळेगावपर्यंत
निम्मी गल्ली त्याच्या हातखालून गेलेली.
आज नातवाला घेऊन आलेला, नेहमीच्या पाहुण्यासारखा.
मान वर न करता म्हणाला,
"मऱ्या नै करके तेरेकू कौन बोल्या?"

पंखा तेवढा वाजत राहिला.

मग त्यानं मला विचारलं, किती वेळ?
म्हटलं, लाईट टिकली तर तास, सव्वा तास.
नवे पुडे, नव्या पट्ट्या, आणि गार व्हायला हवं.
त्यानं नातवाचे बूट काढले,
त्याला मांडीवर ओढलं. बाकीचेही बसले,
कुणी तांदूळवाल्या घरी फोन लावला.

दुपारी पट्ट्या काळ्या आल्या,
कुळकुळीत, नव्या काजळासारख्या.
प्रत्येक पोराच्या नावापुढे वही­त वजन, वेळ,
आणि त्याची पट्टी चिकटवलेली.
जाताना म्हातारा वहीपाशी थांबला.
वाचता येत नव्हतं बहुतेक.
बोट फिरवत मोजल्या, सात.
मग आठव्या, कोऱ्या ओळीवर
बोट तसंच ठेवलं थोडा वेळ.
मी काही विचारलं नाही.

रात्री आईला सगळं सांगितलं.
तिला आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं.
ऐकून झाल्यावर म्हणाली,
आणि छाटेचे पैसे कुणाचे कापले?
म्हटलं, कुणाचेच नाही.
तिला ते काही केल्या पटेना.