वीस किलोच्या खाली

सोहारच्या मागे, डोंगर सुरू व्हायच्या जरा अलीकडे
माझी केबिन. एसी चालतो. खिडकीची काच फुटली तेव्हापासून
तिथे पुठ्ठा लावलाय, बासमतीच्या खोक्याचा.

गाडी भरलेली येते : एकवीस हजार सहाशे चाळीस.
रिकामी जाते : बारा हजार एकशे ऐंशी.
मधला फरक म्हणजे शहर.
तो आधी वहीत लिहितो, मग कॉम्प्युटरवर,
कारण साहेबाचा विश्वास कॉम्प्युटरवर
आणि माझा वहीवर.
काटा वीस-वीसच्या पायऱ्यांनी मोजतो.
त्याखालचं त्याला दिसत नाही.

रमजानात फरक वाढतो.
पहाटे तीनला गाड्या येतात, गळत गळत,
अख्ख्या यार्डात केशराचा वास.
शफीकुल ड्रायव्हर उतरून सांगतो,
देगच्या देग रे, कुणी चमचासुद्धा लावला नाही.
मग आम्ही दोघं केबिनमागे बसून
सहेरीचा पाव चहात बुडवतो.

मागच्या महिन्यात सालिमची उंटीण कुंपणातून आत शिरली
आणि चार दिवसांनी मेली.
पोट चिरलं तर दगडासारखा गोळा. पिशव्यांचा.
एका पिशवीवर दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं.
म्हातारा ओरडला नाही.
दोन पोरांकडून गोळा उचलून काट्यावर ठेवला
आणि म्हणाला, लिही.
चाळीस.
पण कुठल्या रकान्यात?

गावाहून मोहसीनचा निरोप, सव्वादोन मिनिटांचा.
तो आता सरपंच. घंटागाडी आलीय, गाणं वाजवते,
पण न्यायचं कुठे ते ठरलेलं नाही,
सध्या खाडीला, जुन्या तरीपाशी ओततात.
तू तर त्याच लाइनीत ना, मोठ्या कंपनीत?
सांग की, ती लोकं काय करतात?

तीनदा बोललो, तीनदा पुसलं.
काय करतात.
त्यांच्याकडे वाळवंट आहे, मोहसीन.
आपल्याकडे भरती येते,
टाकलेलं दारात आणून देते.

उद्या रात्रीचं विमान.
शेवटची गाडी गेल्यावर बॅग काट्यावर ठेवली.
आत सगळं ढिगातलंच, धुतलेलं, उन्हात वाळवलेलं :
हँडल नसलेला कुकर,
आबिदाच्या पोरीला एक डोळा मिटणारी बाहुली,
एकदाच घातलेले बूट, नऊ नंबर, कुणाला होतील बघू,
आणि अत्तराच्या रिकाम्या बाटल्या,
ज्या अम्मा शोकेसमध्ये लावते.

आकडा ठरेना. वीस. चाळीस. वीस.
विमानवाले तीस म्हणतात.
मी कुकर बाहेर काढला, परत आत ठेवला.

शफीकुल दारात उभा, वही हातात, हसतोय.
काय लिहू, भरलेली की रिकामी?

भरलेली लिही, म्हटलं.
रिकामी तिकडे होईल,
जुन्या तरीपाशी.